रोहिणीच्या हाताची फळी

फळीची कड कपाळावर बसली, ठक असा आवाज झाला आणि मल्हारी गांगुर्डे मान तशीच वाकवून थांबला. दुखलं होतं, पण तो दुखण्यामुळे थांबला नव्हता. आतल्या खोलीतून आता कुणीतरी विचारेल म्हणून थांबला होता. "लागलं का हो?" एवढंच. मग तो "नाही" म्हणणार आणि साखरेचा डबा काढणार. गॅसवर पाणी उकळायला लागलं होतं. खाली रस्त्यावर मिनीबसचा पोऱ्या दार बडवत "पोस्ता, पोस्ता" असं शेवटच्या स्टॉपचं नाव ओरडत होता. शेजारच्या मशिदीच्या भिंतीवर कावळे बसले होते, इथले कावळे, गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेले. आतल्या खोलीत कुणी नव्हतं. तिथे एक पलंग होता, संस्थेने दिलेलं कपाट होतं आणि न उघडलेली एक बॅग होती. हे दार-ए-सलाम होतं. नाशिक समुद्रापलीकडे राहिलं होतं आणि विचारणारी तर त्याच्याही पलीकडे. हे सगळं त्याला माहीत होतं. तरी पाणी उतू जाऊन गॅस विझेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

चहा पुन्हा ठेवताना त्याने फळीकडे पाहिलं. ही फळी त्यानेच लावली होती, गेल्या रविवारी. फळी सरळ होती, पाणसळ ठेवून पाहिली तर बुडबुडा मधोमध थांबेल अशी. सगळा जन्म सातपूरला पोरांना फिटरचं काम शिकवण्यात गेलेला, तेव्हा फळी वाकडी लागणं शक्यच नव्हतं. मग डोक्याला लागेल एवढी खाली कशी लागली? एवढी ढोबळ चूक पहिल्या वर्षाच्या पोराने केली असती तर त्याने सगळ्या वर्गासमोर विचारलं असतं, की बाबा, जॉब कुणासाठी करतोयस, ते तरी माहीत आहे का तुला? टेबलावर फोन वाजून गेला होता. तेजलचा मेसेज होता. 'पप्पा, आज नक्की सांगा. ते लोक संध्याकाळी परत घर बघायला येणार आहेत. आता नाही म्हणालात तर ते दुसरीकडे जातील.' तेजल ही त्याची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन इंदिरानगरला राहणारी. जेलरोडच्या त्याच्या फ्लॅटची किल्ली तिच्याकडे होती. घर भाड्याने देऊ या, बंद घर सडतं, हे ती तो इकडे आल्यापासून सांगत होती. तो दर वेळी काहीतरी कारण काढायचा. भाडेकरू भिंती खराब करतात. सोसायटीचे लोक कटकट करतात. पाऊस संपू दे. पाऊस संपून थंडीही गेली होती.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. जेलरोडच्या स्वयंपाकघरात सगळं रोहिणीने ठेवलं तसंच होतं. त्यात कुणाचा हात शिरू नये, एवढंच त्याला पाहिजे होतं. आणि मग तो स्वतः मात्र तिथे राहू शकला नव्हता. जुन्या ओळखीच्या एकाने विचारलं, टांझानियात शिकवायला येता का, दोन वर्षांचा करार आहे, राहायला जागा देतात. तो लगेच हो म्हणाला. तेजल चिडली होती. "साठीत लोक अष्टविनायकाला जातात, नाहीतर बुद्धगयेला जातात. तुम्ही आफ्रिकेत चाललात कानस घासायला." कानस घासायची नसते, कानशीने घासायचं असतं, असं तो म्हणाला होता, आणि दोघंही थोडं हसले होते.

इथे आल्यावर दोन खोल्यांची ही जागा मिळाली. तिसरा मजला, लिफ्ट बंद, खिडकीतून समुद्राचा वास येतो, पण समुद्र दिसत नाही. कित्येक महिने तो हॉटेलात राहिल्यासारखा राहिला. मग गेल्या रविवारी मीठ सापडेना. दोन माणसांची नव्हे, एका माणसाची भांडी, पाच-सहा डबे, आणि त्यात मीठ सापडेना. तेव्हा त्याला रोहिणीचं बोलणं आठवलं. ती म्हणायची, डोळे मिटून मिठाचा डबा हाताला लागला म्हणजे समजायचं आपण त्या घरात राहायला लागलो. तोवर नुसते उतरलेलो. हे तिला सुरगाण्यात कळलं होतं. लग्न झालं तेव्हा ती सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर शाळेत शिक्षिका होती. सोमवारी पहाटे जीपमध्ये स्वतःला कोंबून जायची, शनिवारी संध्याकाळी यायची, केसांत लाल धूळ आणि पिशवीत कुणीतरी दिलेली नागली. तिथे तिची एक खोली होती, कारवीच्या कुडाची, फक्त एक भिंत विटांची. तो पहिल्यांदा गेला तेव्हा सोबत ब्रॅकेट, फळी, हातड्रिल घेऊन गेला होता. नवरा म्हणून आपण काय करू शकतो, तर फळी लावू शकतो. खोलीची मालकीण कुसाबाई दारात बसून बघत होती. "काय रं दाजी, बायकोला भेटाय आला का भिंतीला?" त्याने स्वतःचा हात वर केला, तिथे पेन्सिल टेकवली. रोहिणी मागून म्हणाली, "अहो, इथे राहणार कोण आहे? तुम्ही की मी?" ती त्याच्या खांद्याला लागायची. मग ती भिंतीशी उभी राहिली, पायातल्या चपला काढून, आणि तिने हात वर केला. "ताणू नको," तो म्हणाला, "मीठ काढतेस असं समज." तिचा हात जरा खाली आला आणि जिथे बोटं टेकली तिथे त्याने खूण केली. पेन्सिल तिने मागितली होती, त्याने दिली नाही. ज्याचा हात त्याने खूण करायची नसते. माणूस स्वतःची खूण करताना थोडा ताठतो. हा काही पुस्तकातला नियम नव्हता, त्याचा त्यालाच त्या खोलीत सापडला होता, आणि पुढे प्रत्येक वर्गाला तो हा नियम सांगत आला. कुठे सापडला ते मात्र सांगितलं नाही.

आज शनिवार होता, वर्कशॉप अर्धाच दिवस. बसमध्ये उभं राहायला मिळालं तेही नशीब. कपाळावरचं टेंगूळ वाढत होतं आणि तो सारखा बोटाने चाचपत होता. वर्गात शिरल्याबरोबर समोरच्या वाइसवर काम करणारी नीमा म्हणाली, "पोले, म्वालिमु." मग सगळ्यांनीच म्हटलं. म्वालिमु म्हणजे सर. आणि पोले हा शब्द इथे कशालाही चालतो. ठेच लागली, पाऊस लागला, बस चुकली, पोले. या देशात आला त्या पहिल्या दिवशी संस्थेच्या कारकुनाने विचारलं होतं, मिसेस कधी येणार, आणि याने सांगितलं होतं की ती वारली. तेव्हाही कारकून हेच म्हणाला होता. पोले साना, म्हणजे फार पोले. त्या दिवशी त्याला राग आला होता. बायको मेली आणि बस चुकली, दोन्हीला एकच शब्द कसा पुरतो? आज राग आला नाही. कपाळाला लागलं ते आणि दुसरं ते, ही दोन वेगळी होती असं आज त्याला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. तो पोरांच्या मधून फिरत राहिला. कानशीचा आवाज सगळीकडे सारखाच असतो, सातपूरला काय आणि इथे काय. डोळे मिटले तर बाहेर नाशिक असू शकेल, पाच वाजता स्कूटर काढून द्वारकेच्या सिग्नलला धूर खात उभं राहायचं, जेलरोडला वळायचं, जिन्यातच फोडणीचा वास. त्याने डोळे मिटले नाहीत. पोरांच्या हातात हत्यारं असताना मास्तरने डोळे मिटू नयेत.

दुपारी घरी येऊन शर्ट काढतो न काढतो तोच खालच्या मजल्यावरच्या शहनाजबेन आल्या. हातात झाकलेली ताटली, शिजवलेल्या कसाव्याची, इथे त्याला मुहोगो म्हणतात. त्यांच्या आजोबांचे आजोबा कच्छमधून गलबतात बसून इकडे आले होते. स्वतः त्यांनी भारत पाहिला नव्हता, हिंदी सगळी टीव्हीवरच्या मालिकांतली. "मास्तरभाई, मुहोगो लायी हूं. नारियल में. और ये माथे पे क्या किया? किसी से लफडा?" तो म्हणाला, फळी लागली. "अपनी लगायी हुई फली अपने को ही लगी? वाह, इंजीनियर साब." त्या हसत सरळ स्वयंपाकघरात गेल्या. चहा त्याच करणार होत्या, कारण त्याचा चहा त्यांना काढ्यासारखा लागायचा. तो दारात उभा राहिला. शहनाजबेन ठेंगण्या, त्याच्या खांद्याला लागणाऱ्या. बोलता बोलता त्यांनी न बघता हात वर केला आणि साखरेचा डबा काढला. टाचा उचलल्या नाहीत, हात ताणला नाही. हात सहज वर गेला आणि बोटं डब्यावर टेकली. "ये बराबर लगाया है," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मेरे घर में तो सब ऊपर ऊपर, मेरा मियां लंबा था ना, कम्बख्त. लेकिन ये तो औरत के हाथ का है. किसके वास्ते लगाया, भाई?" त्यांनी मागे वळून पाहिलं, तो फळीकडेच बघत होता. चहा गाळला, एक कप त्याच्यासमोर ठेवला, स्वतःचा उभ्यानेच प्यायल्या. जाताना म्हणाल्या, "पोले, भाई." मालिकांमधल्या हिंदीत त्यांना तेवढा शब्द सापडला नसावा.

रविवारी फळी लावताना त्याने टेप वापरली नव्हती. आता त्याला तो रविवार नीट दिसला. तो भिंतीशी उभा राहिला होता, आणि हाताने आपणहून एका ठिकाणी खूण केली होती, जशी अंधारात बटणाची जागा हाताला कळते तशी. हाताला ती उंची माहीत होती. सुरगाण्याच्या खोलीत तीच, मग रोहिणीची बदली होऊन जेलरोडला फ्लॅट घेतला तिथेही तीच. जेलरोडची सागाची फळी लावताना ती पुन्हा भिंतीशी उभी राहिली होती, पोटात तेजल होती. त्यानंतर दोनदा घराला रंग दिला आणि दोन्ही वेळा त्याने रंगाऱ्याला फळी काढू दिली नाही. लेव्हल बिघडते, म्हणाला होता. रंगारी फळीच्या कडेकडेने ब्रश फिरवून गेला. फळीमागे अजून पहिला हिरवा डिस्टेंपर असणार आणि त्यावर तिची खूण असणार, पेन्सिलीची, बारीक. या खुणेचा विचार त्याने इतक्या वर्षांत केला नव्हता. आता केला, आणि मग त्याला दुसरं काही सुचेना.

आणि आयुष्यभर त्या फळीचं त्याला काही लागलं नव्हतं, कारण तो त्या फळीखाली कधी उभाच राहिला नव्हता. उभा राहिला तो शेवटच्या वर्षात. घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि रोहिणीचा पलंग आतल्या खोलीत खिडकीशी लावला. मग स्वयंपाक त्याच्याकडे आला. पहिल्याच दिवशी ठक. आतून आवाज आला, "लागलं का हो?" तो म्हणाला, नाही. ती म्हणाली, "वर घ्या ना ती. आता मी कुठे काढणारे डबे." त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फळी वर घ्यायची म्हणजे ती आता उठणार नाही हे भिंतीवर लिहायचं. रोज एकदा तरी लागायचं, आणि रोज आतून विचारणं यायचं. कधीकधी तर, हे तो कुणाला सांगणार नव्हता, तो मुद्दाम डोकं पुढे न्यायचा. आतून आवाज येतोय ना, एवढं बघायला. पुढे तिचा आवाज ओढत गेला. मग ती बांगडी पलंगाच्या दांडीवर वाजवायची, टिंग, म्हणजे लागलं का. मग पौर्णिमेला विहारात नेसायची ती पांढरी साडी तेजलने कपाटातून काढली, आणि बायकांनी तीच रोहिणीला नेसवली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी त्याने चहा टाकला. ठक. घर गप्प. स्क्रू काढून फळी वर सरकवणं हे दहा मिनिटांचं काम होतं. त्याऐवजी तो आफ्रिकेत आला होता, आणि इथल्या घरात त्याने पहिलं काम काय केलं, तर त्याच उंचीवर फळी लावली.

चार वाजता तेजलचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दिवे लागले होते. "पप्पा, मी जेलरोडलाच आहे. ते लोक पण आलेत... कपाळाला काय झालं तुमच्या?"

"काही नाही. दार लागलं."

"दार? बरं. औषध लावा काहीतरी." तिने फोन फिरवला. त्याचा स्वतःचा हॉल डोळ्यांसमोरून गेला, बाबासाहेबांचा फोटो, बुद्धमूर्तीचा कोनाडा, कोपऱ्यातला रोहिणीचा फोटो, सगळं थोडं तिरकं आणि लहान. सोफ्याच्या कडेवर एक तरुण अवघडून बसला होता. बुद्धभूषण, ओझरच्या कारखान्यात नोकरी, दोन महिन्यांपूर्वी लग्न झालेलं. "जय भीम काका," तो उठून उभा राहिला. "जय भीम," मल्हारी म्हणाला. "बायको कुठंय?"

"ती किचनमध्ये आहे काका. तिला तुमच्या घरात जरा... म्हणजे मार लागला."

तेजलचं हसणं ऐकू आलं. फोन स्वयंपाकघरात गेला. फळीपाशी एक उंच मुलगी कपाळावर ओला रुमाल धरून उभी होती. दवाखान्यातली नर्स, मनाली. "नमस्ते काका," ती म्हणाली. "फर्स्ट एड मलाच घ्यावं लागलं."

"दारातून पण वाकून यावं लागतं हिला," मागून बुद्धभूषण म्हणाला.

"ओ, तुम्ही गप बसा. वाकले असते तर लागलं असतं का?" मग ती स्क्रीनकडे वळली. "काका, घर लय आवडलं मला. उजेड छान आहे. फक्त ही फळी तेवढी वर घेतली तर..."

"नाही नाही," तेजल घाईने मध्ये पडली. "फळीचं नको. बाकी काही पण करा. फळी आईची... म्हणजे पप्पांनी लावलेली आहे ती. ती नाही हलणार."

मनालीने फळीकडे पाहिलं, मग तेजलकडे. रुमाल खाली घेतला. कपाळावर, अगदी मल्हारीच्या होतं त्याच जागी, लाल गोल उठला होता. "असू दे मग," ती म्हणाली. "मी वाकत जाईन. सवय होईल हळूहळू."

ती वाकत जाईल. बुद्धभूषण ओझरला, सेकंड शिफ्टला. घरात ही एकटी, वाकून, आणि चुकली की ठक, आणि आतल्या खोलीत कुणी नाही. मल्हारीला ते स्वयंपाकघर दिसत होतं आणि तो आवाज ऐकू येत होता. त्याने विचारलं तेव्हा शब्द त्याचे होते, पण ठेवण रोहिणीची होती.

"लागलं का गं, पोरी?"

"हो ना काका," मनाली लगेच म्हणाली. "चांगलंच लागलं."

तो रोहिणीला वर्षभर 'नाही' म्हणत आला होता. असंही म्हणता येतं, हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. तेजलला वाटलं नेट गेलं. "पप्पा? पप्पा, ऐकू येतंय का?"

"येतंय. खालच्या चंदरला बोलव. ड्रिल घेऊन ये म्हणावं. फळी काढा ती."

"आत्ता?"

"आत्ताच काढा. माझ्यासमोर."

चंदर इलेक्ट्रिशियन, तळमजल्यावर राहायचा. त्याने डबे उतरवले, मनालीने ते ओट्यावर ओळीने ठेवले, मीठ, साखर, हळद, त्याच क्रमाने. स्क्रू निघेनात. "सर, तुम्ही लावलंय का वेल्डिंग केलंय?" चंदर म्हणाला. शेवटी फळी सुटली. मागे हिरव्या डिस्टेंपरचा पट्टा होता, कुणाच्यातरी जुन्या साडीच्या काठासारखा. "जवळ घे फोन," मल्हारी म्हणाला. "अजून जवळ. डावीकडे. वरचं भोक दाखव."

"काय शोधताय पप्पा?"

खूण नव्हती. चार भोकं होती, त्यांच्याभोवती विटेची लाल भुकटी, बस. आणि मग त्याला आठवलं, म्हणजे नव्याने काही आठवलं नाही, हे तर तो शिकवतच आला होता. खूण करायची, खुणेवरच पंच मारायचा, पंचावरच ड्रिल धरायचं. खुणेच्या बाजूला ड्रिल गेलं तर जॉब बाद. त्याने ब्रॅकेटचं वरचं भोक बरोबर तिच्या बोटांच्या जागी घेतलं होतं. काम चोख झालं होतं. म्हणूनच खूण उरली नव्हती.

"काही नाही," तो म्हणाला. "मनालीला भिंतीशी उभी कर. चपला काढायला सांग. हात वर कर, पोरी. नाही, ताणू नको. मीठ काढतेस असं समज." मनालीचा हात जरा खाली आला. तिने दुसरा हात पेन्सिलीसाठी पुढे केला. "तू नाही. पेन्सिल तेजल धरेल. ज्याचा हात त्याने खूण करायची नसते." तेजलने खूण केली. ती हिरव्या पट्ट्याच्या बरीच वर आली. तेजलने एकदा वळून फोनकडे पाहिलं, तिचा चेहरा आईसारखा दिसला आणि पुन्हा तिचा झाला.

"आणि ही जुनी भोकं?" चंदरने विचारलं. "राहू द्यायची का, सर?"

सगळे त्याच्याकडे बघत होते, तळहाताएवढ्या फोनमधून.

"बुजव," मल्हारी म्हणाला. "उघडी ठेवली की झुरळं होतात."

ड्रिल सुरू झालं तसा त्याने फोन बंद केला. बंद केल्यावरही थोडा वेळ तो आवाज कानात राहिला. मग खालून मिनीबसचा आवाज आला. मशिदीच्या भिंतीवर एकही कावळा नव्हता. त्याने हत्यारांच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्वयंपाकघरात गेला. फळीवर डबे ओळीने होते. सकाळपासून त्याला माहीत होतं की ही वर घ्यायला हवी. तो भिंतीशी उभा राहिला, चपला काढल्या, हात वर केला. खूण करायला कुणी नव्हतं. खाली जाऊन शहनाजबेनना बोलावता आलं असतं, त्या आल्या असत्या, दोन टोमणे मारून खूण केली असती. हात दुखेपर्यंत तो तसा उभा राहिला. मग त्याने स्क्रूड्रायव्हर ओट्यावर ठेवला आणि चहासाठी पाणी ठेवलं.

साखरेचा डबा काढताना मान आपोआप खाली गेली. फळीची कड केसांना घासून गेली, लागली नाही. आवाजच झाला नाही, तेव्हा कुणी विचारण्याचाही प्रश्न नव्हता. तरी डबा हातात धरून, वाकलेला, तो थोडा वेळ थांबला.